पदराचा थर

शहाद्यात खोली शोधत मी त्या घराच्या फाटकाशी पोचले, तेव्हा ओट्यावरच्या खाटेवर एक घोंगडी बसली होती. भर उन्हाळ्यातली दुपार, कुत्रीसुद्धा गटारीत जाऊन पडलेली, आणि ही घोंगडी ताठ बसून मधूनमधून हलत होती. मी विचारलं, "कोणी आहे का घरात?" घोंगडीतून आवाज आला, "वर जा. खोली उघडीच आहे. पंखा आवाज करतो, पण फिरतो. पाणी सकाळी येतं. आवडली तर राहा."

वर जाऊन, खोली पाहून, पंखा फिरवून मी खाली आले तरी घोंगडी तशीच. तेवढ्यात आतून घरमालकीणबाई आल्या आणि माझा चेहरा बघून म्हणाल्या, "घाबरू नको पोरी. काही व्हयेल नही त्यासले. चित्र काढी ऱ्हायनात."

तर हे माझे घरमालक. हायस्कुलात चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, सगळा गाव त्यांना आप्पा म्हणायचा, पुढं मीही म्हणू लागले. आप्पा टॅबलेटवर चित्रं काढत. उन्हात टॅबलेटची काच चकाकते, काही दिसत नाही, म्हणून डोक्यावरून घोंगडी. मग घरात पंख्याखाली बसून का काढत नाही, असं मी एकदा शहाण्यासारखं विचारलं. ते म्हणाले, "घरात बसून उन्हाचं चित्र काढणं म्हणजे पोटभर जेवून भुकेवर भाषण देणं." त्यानंतर मी असले प्रश्न विचारायचं सोडलं.

उभी हयात त्यांची तैलरंगात गेली होती. निवृत्त झाले त्या आठवड्यात त्यांनी चित्र टेकवायचा लाकडी घोडा, ब्रश, रंगाच्या नळ्या सगळं शाळेला देऊन टाकलं आणि टॅबलेट आणला. सुताराकडून त्याला सागवानी चौकट करून घेतली. पूर्वी पोरांच्या पाटीला असायची तशी. मग त्याला टॅबलेट म्हणणं बंद झालं, ती पाटी झाली. काकू, म्हणजे घरमालकीणबाई, म्हणायच्या, "लोके म्हातारपणमा माळ लेतस, यास्नी पाटी लिधी."

त्यातही गंमत म्हणजे पाटीवर काढायला बसताना ते जुना, रंगानं कडक झालेला एप्रन घालत. काचेवरून रंग काय उडणार? पण एप्रनशिवाय त्यांचा हात चालत नसे. काकूंनी तो एकदा धुऊन काढला, तेव्हा आप्पांनी आठवडाभर एक रेघ ओढली नाही. शिष्यांपैकी कोणी म्हणालं, "सर, आता काय, मशीनच सगळं काढतं," की ते आपला उजवा हात पुढं करून सांगत, "काच असो नाहीतर कॅनव्हास, चुकणारा हात तोच आहे." आणि चूक ते पुसत नसत. चुकलं ते उलटवायची सोय पाटीत होती, तिला त्यांनी कधी हात लावला नाही. चुकलेल्या रेघेवर नवा थर टाकायचा आणि पुढं जायचं. लेअर हा शब्द त्यांना नावडता. थर म्हणायचं. एकेका चित्रात इतके थर साचत की पाटीला दम लागायचा, चित्र हलायचं बंद व्हायचं, आणि मग आप्पा तिला शुद्ध मराठीत रागवत. एरवी घरात अहिराणी. शुद्ध मराठी फक्त शाळेत, पाहुण्यांशी आणि रागात. त्यामुळं ते माझ्याशी नीट बोलताहेत की चिडलेत, हे कळायला मला बरेच महिने लागले.

सकाळी मोबाइलवर लोक एकमेकांना गुलाबाची चित्रं पाठवतात ना, शुभ सकाळ लिहून? आप्पांना त्याचा भयंकर संताप. "सूर्य डावीकडे, सावलीही डावीकडे. हा गुलाब कुठल्या ग्रहावर उगवला?" असं म्हणून ते तो गुलाब पाटीवर घेत, सावली जागेवर आणत, दव पुसून टाकत आणि पाठवणाऱ्याला परत करत. खाली लिहीत, "सुधारून पाठवत आहे." निम्म्या शहाद्यानं भीतीनं गुलाब पाठवणं सोडलं. उरलेले मुद्दाम पाठवायचे. मी त्या उरलेल्यांत होते.

एकदा लाल रंगावरून त्यांचं बिनसलं. पाटीतला एकही लाल खरा नाही असं त्यांनी जाहीर केलं आणि नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर जाऊन बसले. पथारी म्हणजे मिरची वाळवायचं मोकळं मैदान, नजर जाईल तिथवर लाल. घोंगडी, एप्रन आणि नाकाला रुमाल अशा थाटात ते एकेक मिरची उचलून पाटीशेजारी धरत आणि शिंकत. मिरच्या पसरणाऱ्या बाया हातातलं काम टाकून बघायला लागल्या. एकीनं विचारलंच, "हाऊ बाबा मिरचीले काय दखाडी ऱ्हायना?" आप्पा घोंगडीतून म्हणाले, "तिन्हा फोटो." मग प्रत्येक मिरचीवाल्या बाईला आपल्या ढिगातली मिरची दाखवायची होती. ते परत आले ते डोळे टोमॅटोसारखे करून, पण लाल जमला होता. ओला लाल वेगळा, वाळलेला वेगळा, आणि पोत्यात भरलेला तिसराच. मी आजही बाजारात मिरची घेताना तीन लाल शोधते.

अशा माणसाकडं सुनंदाला मीच घेऊन गेले, तेव्हा मनात धाकधूक होती. सुनंदा लोणखेड्याच्या आमच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होती. मी तिथं शिकवायची. कमी बोलणारी, काचेचं सामान हाताळून हाताळून सगळ्याच गोष्टी जपून उचलणारी बाई. तिच्या माहेरी, तापीकाठच्या गावी, नवीन घर बांधून झालं होतं. वास्तुशांतीला बैठकीच्या भिंतीवर घरातल्या गेलेल्या माणसांचे फोटो लागणार होते. आजोबा, आजी, वडील. सुनंदाची आई ती नऊ वर्षांची असताना गेली होती, आणि आईचा फोटोच नव्हता.

म्हणजे एक होता. आत्याच्या लग्नातला, सगळ्या कुटुंबाचा. पुढं खुर्च्यांवर पुरुष, मागं बायका. त्या घरात सुनेनं सासऱ्यासमोर आणि जेठासमोर, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, तोंड झाकायची रीत होती. सासरे आणि जेठ पुढंच बसलेले. त्यामुळं त्या फोटोत सुनंदाची आई म्हणजे हनुवटीपर्यंत ओढलेला पदर आणि बांगड्या भरलेला एक हात. सुनंदानं तो फोटो माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "मॅडम, वडिलांच्या शेजारी हा पदर लावू का मी? आप्पा काढतील का तिचा चेहरा?"

मी म्हटलं, "ते हो म्हणतील. ते कशालाच नाही म्हणत नाहीत, हाच धोका आहे."

आप्पा हो म्हणाले. सुनंदानं नाक, डोळे, कपाळ सांगितलं, ते घोंगडीत शिरले आणि थोड्याच दिवसांत एक चेहरा घेऊन बाहेर आले. मला तर फार आवडला. मोठे डोळे, शांत ओठ, काय बिशाद कोणी नावं ठेवील. सुनंदानं पाटी हातात धरून बराच वेळ पाहिलं. मग अगदी अदबीनं म्हणाली, "आप्पा, लई देखणी बाई शे. पण हाई मन्ही माय नही शे."

"नाक बदलतो," आप्पा म्हणाले.

"नाक नही आप्पा. बठ्ठंच." बठ्ठं म्हणजे सगळं.

आप्पांनी पाटी परत घेतली आणि म्हणाले, "ठीक आहे. आपण आता येऊ शकता." शुद्ध मराठी. मी सुनंदाला हाताला धरून बाहेर काढलं.

दोन दिवस ते चहालाही बाहेर ओट्यावर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतः जिना चढून माझ्या खोलीत आले, हे पूर्वी कधी झालं नव्हतं, आणि खुर्चीवर बसून म्हणाले, "माझं काय चुकलं ते सापडलं. मी समोरून काढला. नऊ वर्षांच्या पोरीला आई समोरून कधी दिसते? खालून दिसते. चुलीपाशी बसली तर बाजूनं दिसते. मी बाईचा चेहरा काढला, आईचा काढलाच नाही." आपली चूक त्यांनी अशा थाटात सांगितली की मला त्यांचं अभिनंदनच करावंसं वाटलं.

मग जे सुरू झालं ते बघायला हवं होतं. काकू स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभ्या राहून कणीक मळताहेत, सुनंदा खाली पाटावर मान वर करून बसली आहे आणि तिच्या शेजारी आप्पा एप्रन घालून फरशीवर चक्क आडवे, पाटी छातीवर. काकू लाजून लाल. "उठा ना हो, लोके काय म्हणतीन?" आप्पा म्हणाले, "हालू नको. मान खाले. पोरकडे दख." काकू नुसत्या उभं राहायला होत्या. चेहरा सुनंदाच्या आठवणीतून यायचा. हनुवटी आधी आली. मग खालून दिसणाऱ्या नाकपुड्या, मग लहानसं कपाळ. सुनंदा सांगायची, "गाल इतला नही. आखो दाबा," म्हणजे आणखी आत घ्या, आणि आप्पा प्रत्येक दुरुस्तीला वेगळा थर टाकत. एकदा ती भुवईवर काहीतरी सांगत होती आणि आप्पांना समजत नव्हतं. त्यांनी पाटीची लेखणी तिच्या हातात दिली. ती म्हणाली, "वाकडं येईन आप्पा." ते म्हणाले, "वाकडंच असेल ते. काढ." तिनं भुवईच्या टोकाशी एक बारकासा चट्टा काढला. चुलीतली ठिणगी उडाली होती, तेव्हाचा.

चट्टा पडला आणि सुनंदानं लेखणी खाली ठेवली. मग म्हणाली, "वेणी घालतांना अशीच दखे मन्हाकडे," आणि पाटावर बसल्या बसल्या रडायला लागली. काकूंनी कणकेचा हात तसाच तिच्या डोक्यावर ठेवला. मलाही रडू आलं, त्यात लपवण्यासारखं काही नाही. आप्पा मात्र फरशीवरून उठण्याच्या खटपटीत होते. उठून बसले आणि म्हणाले, "हे भिंतीवर उंच लावायचं. वर बघावं लागलं की बघणारा आपोआप लहान होतो." आपलं चित्र झकास झालंय याबद्दल त्या माणसाच्या मनात कधी तिळमात्र शंका नसे. त्या दिवशी आमच्याही नव्हती.

आडकाठी आली ती घरातून. सुनंदाच्या आईच्या मागोमाग वडीलही गेले होते, आणि तिला वाढवलं ते थोरल्या काकांनी. ती त्यांना मोठे बाबा म्हणायची. तिला शिकवलं त्यांनी, लग्न करून दिलं त्यांनी, सणाला साडी आणायला स्वतः बाजारात जायचे ते. तेच त्या घरातले कर्ते, आणि तेच तिच्या आईचे जेठ. चित्राचं ऐकल्यावर ते म्हणाले होते, "आम्हना घरनी सून उघडा तोंडनी भितवर? लावानं व्हई तर पदर पाहिजे."

"बाबांनी मला आजवर कशालाच नाही म्हटलं नाही," सुनंदा मला म्हणाली. "त्यांना दुखवून लावू का? आणि पदर घेऊनच लावायचं तर जुना फोटो काय वाईट होता?"

मी भडकले. जिवंतपणी झाकलं ते झाकलं, आता मेल्यावरही झाका, असं काहीबाही तावातावानं आप्पांपाशी बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. पण त्या म्हाताऱ्याच्या डोक्यातही तिचं एक चित्र आहे. त्यात ती पदरातच आहे. तेही काढून बघू." आणि खरंच, चेहऱ्यावर घेतली तितकीच मेहनत त्यांनी पदरावर घेतली. सुनंदानं सांगितलेलं मेंदी रंगाचं सुती लुगडं, काठाला विरलेलं, हनुवटीपर्यंत ओढलेलं, आणि पदर धरलेला तो फोटोतला हात. हे सगळं एकाच थरावर. थर ठेवला तर पदर, काढला तर आई. पण चित्र सुरतेहून कॅनव्हासवर छापून यायचं होतं, आणि छापताना सगळे थर एक होतात. पदर राहणार की जाणार, हे एकदाच ठरणार होतं. वास्तुशांती तोंडावर आली होती.

"मी बोलतो त्यांच्याशी," आप्पा म्हणाले. म्हणजे मी स्कूटी चालवायची आणि त्यांनी मागं पाटी पोटाशी धरून बसायचं. सुनंदा आदल्याच दिवशी माहेरी गेली होती.

मोठे बाबा नव्या घराच्या ओट्यावर बसले होते. ऐंशीच्या घरातले, उंच, बोटांवर केळीच्या चिकाचे काळे डाग, ते आता ह्या जन्मी जायचे नाहीत असे. सुनंदा डोक्यावर पदर घेऊन दाराच्या चौकटीला टेकून उभी. चहा झाला, केळीचा भाव झाला, तापीचं पाणी झालं. मग आप्पांनी पाटीवरचं कापड काढलं आणि ती त्यांच्या मांडीवर ठेवली. पदराचा थर होता तसाच.

मला वाटलं होतं, म्हातारा चष्मा सावरेल, इकडंतिकडं करेल. त्यांनी फक्त खाली पाहिलं आणि लगेच म्हणाले, "हाई तीच शे." मग चित्रातल्या हातावर बोट ठेवून, "हाऊ हात तिनाच शे. ह्याच हातनं तिन्ही मले वाढेल शे." त्या घरात इतकी वर्षं तिनं त्यांना जेवायला वाढलं होतं. त्यांच्या ओळखीचा तेवढाच भाग होता.

आप्पांनी पाटीच्या कडेला असलेली एक पट्टी त्यांना दाखवली. बोट इकडं नेलं की पदर विरळ होत जातो, तिकडं नेलं की दाट. टोकाला नेलं की पदर नाहीच. "दोन्ही तुमच्यासमोर आहे," आप्पा म्हणाले. "ठरवा तुम्ही."

मोठ्या बाबांनी ते चिकाळलेलं बोट पट्टीवर ठेवलं. थोडं सरकवलं. पदर विरळ झाला आणि मलमलीतून दिसावी तशी हनुवटी दिसायला लागली, ओठांची कड दिसली. बोट थांबलं. सुनंदा दारातून एक पाऊल पुढं आली. मग त्यांनी बोट मागं नेलं, सावकाश, पदर पुन्हा दाट होईपर्यंत.

"पूर्ण जातो तो. सरकवा ना," आप्पा म्हणाले.

"जास ना, माहीत शे." त्यांनी पाटी मांडीवरून उचलली आणि सुनंदाकडं धरली. "बेटा, मन्हासमोर तिन्ही कधी पदर काढा नही. मी तिन्हं तोंड कधी दखं नही. आते तिले न विचारता मी कसा काढू?"

सुनंदानं पाटी घेतली नाही. तिला वाटलं, झालं, संपलं. मलाही तसंच वाटलं.

ते म्हणाले, "तू तिन्ही पोर शे. तुन्हासमोर तिन्ही कधी पदर लिधा नही. तू काढ. उघडा तोंडनीच लाई दे भितवर." मग उपरण्यानं चष्मा पुसत, जणू शेताच्या पाण्याच्या पाळीचं सांगावं तसं म्हणाले, "मी बैठकमा येतांना खोकलीसन येसू."

मला न राहवून मी विचारलं, "म्हणजे?"

उत्तर सुनंदानं दिलं. "पूर्वी घरात येताना बाबा दाराशी खोकायचे, मॅडम. आईला पदर घ्यायला वेळ मिळावा म्हणून." तिनं पाटी घेतली, मोठ्या बाबांकडं पाठ केली, काच त्यांना दिसणार नाही अशी धरली आणि पट्टी टोकापर्यंत नेली.

वास्तुशांतीला मी गेले. कॅनव्हास वडिलांच्या फोटोशेजारी उंच लावला होता, आणि खालून बघताना ती बाई खरोखर आपल्यावर वाकल्यासारखी दिसत होती. आप्पा इस्त्रीच्या शर्टात चित्राखाली उभे राहून येईल त्याला थर मोजून दाखवत होते, हनुवटीचा, चट्ट्याचा, कपाळाचा. कोणी "पेंटिंग छान आहे" म्हणालं की "छान नाही, बरोबर आहे" असं सुधारून देत होते. बैठक माणसांनी गच्च भरलेली, पोरांचा कालवा, आणि भटजी यजमानांना हाका मारताहेत.

तेवढ्यात दाराशी खोकल्याचा आवाज आला. आतला गलका थांबला. आप्पाही बोलता बोलता थांबले आणि चित्राकडं पाठ करून दाराकडं बघू लागले. मोठे बाबा हातात नारळ घेऊन उंबऱ्याबाहेर उभे होते, नजर खाली. एका बाईला पदर ओढून घ्यायला लागतो तेवढा वेळ ते तिथं थांबले, आणि मग आत आले.